हौश्याच्या कानातली चाहूल

ज्या दिवशी भरल्या बाजारात एका बैलाचा कान माझं नाव घेऊन बोलायला लागला, त्या दिवशी मी घरात भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यामुळे ती गंमत मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण माझ्या नवऱ्यानं, विश्वजीतनं, ती मला इतक्या वेळा करून दाखवली आहे, कधी बैल होऊन तर कधी नुसता कान होऊन, की आता ती माझीच आठवण झाली आहे.

गंमत ती मागाहून झाली. त्या दिवशी नव्हती.

मला उतार येतो. डॉक्टरांकडे या आजाराला लांबलचक नाव आहे, पण आम्ही घरात उतारच म्हणतो. चालता चालता रस्ता खाली जायला लागतो, पाय आपोआप ओढले जातात, आणि एका सकाळी उठावं तर अंथरूण सुटत नाही. मी डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये फळं निवडायला बसते. तिथे यंत्राचे हात आमच्यापेक्षा जलद निवडतात, पण देठाजवळचा डाग अजून बाईच्याच नजरेला दिसतो. निवडता निवडता मी ओव्या रचायची. बायका म्हणायच्या, "सानिका आली की डाळिंबंसुद्धा कान देऊन बसतात." उतार आला की पहिली ओवी आटते.

दोन गोळ्या मला मानवल्या नाहीत. तिसरीनं उभं केलं, पण चालवलं नाही. तेव्हा जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टर फरीदा मुजावर यांनी लहर-उपचाराचं सुचवलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मेंदूत मनाचा तोल धरणाऱ्या पेशींचे काही पट्टे असतात. त्यांचं आपसात सारखं बोलणं चालतं. तुमच्या आजारात ती लय बिघडते. एक पट्टा बोलत राहतो, दुसरा ऐकतच नाही. पूर्वी सगळ्यांच्या डोक्यावर ठरलेल्या जागीच चुंबकाचे हलके ठोके देत. कुणाला लागू पडायचे, कुणाला नाही. कारण प्रत्येकाचा नकाशा वेगळा. आता यंत्र आधी तुमचा नकाशा काढतं आणि तुमच्याच लयीत ठोके देतं. भांडलेल्या जावांना पुन्हा बोलतं करायचं, असं समजा."

"कधी करायचं?" विश्वजीतनं विचारलं.

"यंत्र एक, माणसं पाच जिल्ह्यांची. यांचा नंबर दिवाळीनंतर."

बाहेर चैत्राचं ऊन तापलं होतं. दिवाळी मला समुद्रापलीकडची वाटली.

"मग तोवर?"

"तोवर चाहूल." डॉक्टरांनी नखाएवढी, कातडीच्याच रंगाची एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "कानामागे चिकटवायची. अंगाच्या उबेवर चालते. उतार मनाला कळायच्या आधी अंगाला कळलेला असतो. काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधी सारखं नसतं बघा. श्वासाबरोबर ते थोडं लांबतं, थोडं आखडतं. ओवी म्हणताना तुम्ही कुठे रेंगाळता, कुठे पळता, तसंच. उतार जवळ आला की रेंगाळणं संपतं. ठोके कवायत करायला लागतात. झोपेतली कूस, आवाजाची चढउतार, सगळंच सपाट होत जातं. ही पट्टी पहिले काही आठवडे तुमची चाल शिकेल. मग उतार दोन दिवस लांब असतानाच सांगेल."

"कुणाला?"

"तुम्ही निवडाल त्या तिघांना. तुमच्या आणि त्यांच्या फोनवर रंग दिसेल. हिरवा, पिवळा, तांबडा. उतार फार खोल गेला किंवा जीव एकाएकी घाबरला की तांबडा. मग तुम्ही कुठे आहात तेही दिसेल, आणि ही पट्टी स्वतः तुमच्याशी बोलेल, माणूस पोचेपर्यंत."

पहिलं नाव विश्वजीतचं. दुसरं पुण्याच्या माझ्या बहिणीचं, गौरीताईचं.

"तिसरं? घरात आणखी कोण आहे?"

"वडील आहेत माझे," विश्वजीत म्हणाला.

"मामा नकोत," मी म्हणाले.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. माझे मामा, हणमंतराव, जनावरांचे हेडी. म्हणजे बैल घेणारा एकीकडे, विकणारा दुसरीकडे आणि सौदा जुळवणारे मामा मधे. आवाज असा की गोठ्यात बोलले तर चावडीवरचा माणूस "काय?" म्हणून विचारायचा. त्यांना गेलेली बातमी म्हणजे बाजाराच्या भोंग्यात गेलेली बातमी. आणि गेल्या उतारात मी आत पडलेली असताना ते बाहेर ओरडताना मी ऐकलं होतं, "ऊठ की रं आता! पडून ऱ्हाऊन कुनाचं भलं झालंय?" ते कुणाला उद्देशून होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिसरी जागा रिकामी राहिली.

*

चाहूल खोटं बोलत नव्हती. तिचा राग मला आजही नाही. बदलली ती माणसं.

विश्वजीत सकाळी उठला की आधी फोन बघायचा, मग माझ्याकडे. हिरवा असला तर शीळ घालत आंघोळीला जायचा. पिवळा असला की पाय न वाजवता चालायचा आणि "तू बस, मी करतो" म्हणत चहात मीठ घालायचा. आमचं भांडण बंद झालं. लग्नाला सहा वर्षं होत आली तरी चिंच किती घालायची यावर आम्ही रोज भांडायचो. त्याला आमटी आंबट लागते, मला बेताची. आता मी बिनचिंचेची केली तरी तो म्हणायचा, "छान झालीय."

"खरंच?"

"खरंच. तू आनंदी राहा फक्त."

गौरीताईचा फोन यायचा, तोही रंग बघूनच. पूर्वी ती "काय गं म्हशे, मेलीस का?" अशी सुरुवात करायची. आता म्हणायची, "सानू, आज आतून कसं वाटतंय?" मला आतून वाटायचं की फोन आपटावा. मी बाई उरले नव्हते. ज्याचा चार्ज सारखा बघत राहावा असं काहीतरी मी झाले होते.

एका दुपारी गोठ्यात शेण काढताना घामानं पट्टी खाजायला लागली, म्हणून काढली. अंगावरून निघाली की ती टिकटिक करते. आता हा आवाज फोनवर जाणार, विश्वजीत सौर पॅनेलचं काम टाकून धावत येणार, पुन्हा ते मऊ मऊ बोलणं. समोर हौश्या बसला होता. मामांचा खिलार बैल, दुधासारखा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. त्याच्या कानाच्या आत केस नसतात तिथे मी पट्टी चिकटवली, नुसती टिकटिक थांबावी म्हणून. त्यानं दोनदा कान झाडला आणि पुन्हा रवंथ करायला लागला.

मी फोनवर पाहिलं. हिरवा. असा हिरवा मी कधी पाहिला नव्हता. पहिल्या पेरणीनंतरच्या रानासारखा.

संध्याकाळी विश्वजीत आला तोच हसत. "दुपारी काय केलंस गं? काय रंग होता!" मग जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि ताट सरकवून म्हणाला, "ही आमटी आहे का कढण? चिंच काय माहेरी पाठवलीस?"

मला रडूच यायचं राहिलं होतं. आनंदानं. "तुझ्या तोंडालाच चव नाही!" मी ओरडले, आणि आम्ही पोटभर भांडलो.

*हौश्या बैल माझा बाई रवंथ करी गोठ्यात*
*माझं दुखणं निजलं त्याच्या कानाच्या काठात*

त्यानंतर रोज दुपारी पट्टी हौश्याच्या कानात जायची, संध्याकाळी माझ्या कानामागे यायची. यंत्र बनवणाऱ्यांनी पुष्कळ लबाड्यांचा विचार केला असणार. पट्टी भिंतीला लावली तर, दुसऱ्या बाईला लावली तर. पण त्यांच्यात कुणाच्या घरी बैल नसावा. शिवाय ते चाहुलीचे शिकण्याचेच आठवडे होते. ती आम्हा दोघांनाही एकच माणूस समजून शिकली. सकाळी अस्वस्थ असणारी, दुपारी मात्र साधूसारखी शांत होणारी सानिका. बैलाचं काळीजही निवांत असलं की माणसाच्याच जवळपासच्या गतीनं चालतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

*

पावसाळा सरता सरता उतार आला.

मला त्याची पावलं ओळखू येतात. हातातलं डाळिंब जड होतं. हाक ऐकू येते, पण "ओ" घशापर्यंत येऊन परत जाते. अशाच दिवसांसाठी तर ती पट्टी होती. ती कानामागे ठेवून मुकाट तांबडा होऊ द्यायचा होता. पण मला विश्वजीतचा तो पाय न वाजवता चालणारा चेहरा दिसला. एकदा वाटलं, आणखी एवढा एकच दिवस. सकाळीच जाऊन मी पट्टी हौश्याच्या कानात लावली आणि येऊन पडले. संध्याकाळी काढायला उठले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"डोकं दुखतंय," मी सांगितलं. विश्वजीतनं फोन पाहिला, हिरवा होता. "मग पड जरा," म्हणून कामावर गेला. त्याचं काय चुकलं? त्याला यंत्र सांगत होतं की बायको मजेत आहे. आणि मी पंख्याचं पातं बघत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती की आपण नसतो तर यांचं सगळ्यांचं किती हलकं झालं असतं. ते वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा मी दचकले होते. नंतर दचकणंही थांबलं. ओरडून कुणाला तरी सांगावं, तर तोंडच उघडत नव्हतं.

*दिस उगवला बाई उन्हं आली उंबऱ्यात*
*माझ्या पायाचं गं बळ हरवलं अंथरुणात*

ही ओवी तेव्हाची नाही. तेव्हा काहीच सुचत नव्हतं. ही मागाहून त्या दिवसाला दिलेली आहे.

शनिवारी मामा हौश्याला बाजारात घेऊन गेले. शर्यतीच्या नादातल्या कुणा जयसिंग पैलवानाला तो दाखवायचा होता. शिंगं रंगवताना त्यांना कानातली पट्टी दिसली होती. पण जनावरांच्या कानात सरकारी बिल्ले असतातच. त्यातलंच काही नवं निघालं असेल, एवढंच त्यांना वाटलं.

*

आता बाजारात भावाचे मोठे पडदे लागले आहेत. पैसे फोनवरून जातात, चाऱ्याची गाडी ड्रायव्हरशिवाय येते. पण खिलार बैलाचा सौदा अजून रुमालाखालीच होतो. हेडी आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव बोलतात. एक बोट, दोन बोटं, पूर्ण पंजा. भोवती शंभर माणसं उभी असोत, आकडा दोघांतच राहतो. आणि शिरस्ता असा, की भाव तुटेपर्यंत किंवा जुळेपर्यंत हात काढायचा नाही. मधेच हात काढणारा हेडी पत गमावतो.

मामांचा हात जयसिंग पैलवानाच्या हातात होता. रुमालाखाली बोटं चालली होती. तेवढ्यात शेजारच्या मंडपात कुणीतरी भोंगा लावला. हौश्या बिथरला. डोळे पांढरे केले, दोर ताणला, अंगावर काटा आला. आणि त्याच्या कानातून एक गोड, सावकाश बाईचा आवाज आला:

"सानिकाताई, घाबरू नका. तुम्ही एकट्या नाही आहात. माझ्याबरोबर श्वास घ्या."

साऱ्या बाजाराच्या माना वळल्या.

"हणमाप्पा," कुणीतरी म्हणालं, "बैल बोलतोय का रं तुझा?"

"बैल न्हाई, नुसता कान."

"आन् ही सानिका कोन?"

"ह्येची सून की!"

"सानिकाताई," कान म्हणाला, "सावकाश. तुमची माणसं निघाली आहेत."

हौश्याला ते मुळीच पटलं नाही. त्यानं जोरात डोकं झाडलं. लोक हसायला लागले, फोन वर झाले. आणि त्याच वेळी, बाजारामागच्याच छपरावर पॅनेल बसवत होता तिथून गर्दी फोडत, डोक्यावर हेल्मेट तसंच, फोनवरच्या तांबड्या ठिपक्याकडे बघत विश्वजीत आत घुसला. ठिपका सांगत होता, तुझी बायको तुझ्यासमोर हातभर अंतरावर उभी आहे. त्यानं मान वर केली. हौश्यानं ओळखीनं त्याचा हात चाटला.

सगळा बाजार हसत होता. विश्वजीत सांगतो, फक्त मामा हसत नव्हते. त्यांनी कानाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"घरात कोन हाय?"

"ती एकटीच. पण दादा, फोनवर दोन दिवस नुसतं हिरवं..."

"हिरवा ह्यो होता, येड्या. बैल." मामांचा आवाज, कधी नव्हे तो, खाली आला. "पोरीनं आपलं दुखनं बैलाच्या कानात ठिवलंय. म्हंजी आपल्याजवळ ठिवायला जागाच न्हवती."

आणि त्यांनी रुमालाखालून हात काढला.

"हणमा, हात काढलास!" पैलवान म्हणाला. "सौदा मोडला बघ."

"मोडू दे," मामा म्हणाले. त्यांच्या हयातीत हे कधी घडलं नव्हतं.

*

मामा आमच्या खोलीत कधीच येत नाहीत. त्या दिवशी दारात खाकरले. मला ते ऐकू आलं, पण मान वळली नाही. वाटलं, आता तो आवाज सुटणार. ऊठ की आता.

"इस्वा," ते मागे वळून म्हणाले, "रडत उभा ऱ्हाऊ नगंस. च्या टाक जा. साखर जास्त."

मग खाली बसल्याचा आवाज आला, गुडघे मोडून बसतात तसा.  पाठोपाठ त्यांच्या अंगाचा बाजाराचा वास, कडब्याचा आणि तंबाखूचा.

"पोरी, तोंडानं बोलू नगंस. तोंड दमतं. ह्यो हात हाय बघ. वर रुमाल टाकलाय. मला बी काय दिसत न्हाई, इस्वाला बी दिसायचं न्हाई. आज किती जड हाय तेवढं सांग. एक बोट दाबलंस तर मी म्हनंन, उचलतंय हिला. पंजा दाबलास तर म्हनंन, एकटीला न्हाई उचलत."

पलंगाच्या कडेवर रुमालाखाली हात होता. मी तो किती वेळ तसाच ताटकळत ठेवला, माहीत नाही. तो हलला नाही. सौदा होईपर्यंत हात न काढणाऱ्या माणसाचा हात होता तो. शेवटी माझा हात, माझाच असून दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, सरकत त्या रुमालाखाली गेला.

मी पूर्ण पंजा दाबला. मग पुन्हा पंजा. मग मोजणं सोडून तो खरबरीत हात नुसता घट्ट धरून ठेवला.

"बरं," मामा म्हणाले. "एवढं. बरं झालं सांगितलंस." आणि थोड्या वेळानं, "कुनाला सांगायचं आन् कुनाला न्हाई, ते तुझं. ह्यो रुमाल हाय. पन आजपास्नं वजन दोघांचं."

तेव्हा मला रडू आलं. दोन दिवस ते कुठे अडकलं होतं कोण जाणे. विश्वजीत चहा घेऊन दारात आला आणि तोही खाली बसला. चहात त्यानं मीठ घातलं नव्हतं.

मधेच हुंदके देत मी म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही ओरडला होता. ऊठ की रं, पडून राहून कुणाचं भलं झालंय, म्हणून."

मामा विचारात पडले. "आगं, हौश्या तवा खुरात काटा भरून चार दिस बसला हुता. त्येला म्हनत हुतो. तुला 'रं' म्हनंन व्हय मी?"

तीन माणसं एकदमच हसली. त्यातली एक मी होते. हसण्यानं उतार गेला नाही, पण त्याला तळ आहे एवढं पायाला कळलं.

*

तासाभरात डॉक्टर मुजावर फोनच्या पडद्यावर होत्या. त्यांनी मला सरळ विचारलं, आपण नसावं असे विचार मनात येतात का. मी हो म्हणाले. त्यांनी गोळीचं माप बदललं, काही दिवस मला क्षणभरही एकटं सोडायचं नाही असं बजावलं, रोज नर्सताईंचा फोन लावून दिला. सगळं पक्कं झाल्यावर म्हणाल्या, "आता मला तो बैलाचा भाग पुन्हा सांगा."

ऐकताना त्या तोंडावर हात धरून हसत होत्या. मग गंभीर झाल्या. "चुकलं माझंही. चाहूल दुसऱ्या रीतीनंही लावता येते. रंग आधी फक्त तुम्हालाच कळतो, आणि तुम्ही बोटानं दाबलंत तरच पुढे जातो. तांबडा झाला तर मात्र थेट जातो, ते मी बंद करणार नाही. मी तुम्हाला विचारायला हवं होतं, यातलं काय हवं. घाईत विचारलं नाही."

"आणि रंगाऐवजी दुसरं काही होतं का?" मी विचारलं. "फोनवर बघायला लागू नये असं?"

होतं. मनगटावरची एक पट्टी, जी नुसती हलकेच दाबते. मी कानामागे एकदा दाबलं की त्यांच्या मनगटावर एकदा. पंजा दाबला की पंजा. रंग नाही, आकडा नाही, बघायला काहीच नाही. ती विश्वजीतनं बांधली, पुण्यात गौरीताईनं बांधली आणि तिसरी, घड्याळ कधीच न बांधलेल्या मनगटावर, मामांनी.

"ह्यो रुमालच की," ते म्हणाले, "लांब जानारा."

रांग काही पुढे सरकली नाही. माझा नंबर दिवाळीनंतर होता, तो दिवाळीनंतरच राहिला. पण आता मी फुगून आलेल्या नदीकाठी एकटी नव्हते, नावेची वाट बघणारं सगळं घर माझ्याशेजारी बसलं होतं. विश्वजीत सकाळी आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. पहिल्यांदा मी म्हणाले, "काय बघतोस?" तर म्हणाला, "लाळ सुकलीय गालावर. धू जा." मी इतकी सुखावले की तोंडच धुतलं नाही. गौरीताईनं तर बाजाराच्या दिवशीच संध्याकाळी फोन केला होता. "काय गं म्हशे. बैलावर भागवलंस ना? बहिणीला सांगता येत नव्हतं?" आणि रडली, आणि मग आम्ही दोघी रडलो.

मला ज्याची भीती होती ते तर केव्हाच होऊन गेलं होतं. साऱ्या बाजाराला माझं नाव कळलं होतं. मामा पुढच्या शनिवारी गेले तेव्हा मी दिवसभर वाटेकडे कान लावून बसले. ते परतले, हातपाय धुतले.

"हसले का?" मी विचारलं.

"हसले की. बोलका बैल कुठं हाय म्हनून इचारत हुते." मग त्यांनी रुमाल झटकला, घडी घातली. "जयसिंग पैलवान आला. मला वाटलं, सौदा मोडला म्हनून तनतनंल. हात पुढं केला, वर रुमाल टाकला. मी म्हनलं, बैल इकायचा न्हाई आता. तर म्हनला, भाव न्हाई बोलायचा, हणमा. आन् पंजा दाबला. दोनदा. तोंड दुसरीकडंच. थोरल्या पोराचं हाय म्हनला. दार लावून बसतंय."

"मग तुम्ही?"

"डॉक्टरीनबाईंचा नंबर दिला. आन् हात धरून बसलो. काय करनार?" त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला. "त्येच्या मागनं आनखी दोघं आले."

ज्यांच्या तोंडाला मी बाजाराचा भोंगा समजत होते, त्यांनी ते दोघे कोण हे मला आजवर सांगितलेलं नाही.

*

दिवाळीचे कंदील अजून उतरले नव्हते तेव्हा आम्ही इस्पितळात गेलो. विश्वजीत, मी आणि मामा. मधल्या महिन्यांत आणखी एक उतार येऊन गेला होता. तो आला तेव्हा मी कानामागे तीन बोटं दाबली. पॅकहाऊसच्या फाटकाशी विश्वजीत मोटारसायकल घेऊन उभा, आणि घरी मामा हौश्याला सांगत होते, "जरा सरक, पोरीला बसायला जागा दे." उतार होता. पण खाली कुणीतरी उभं आहे हे माहीत असलं की उतार चालून उतरता येतो.

आतल्या खोलीत पांढरं, गोल यंत्र होतं. डॉक्टर मुजावर पडद्यावर काहीतरी पुसत होत्या. "जुनी नोंद काढून टाकतेय. नाहीतर तुमच्या नकाशात दुपारी बैल निघेल."

मी त्या अरुंद पलंगावर आडवी झाले. घरच्यांना दाराच्या आत यायची परवानगी नव्हती. नर्सताईंनी विचारलं, "एक ते दहामध्ये भीती किती वाटतेय?"

मला एकदम आकडा सुचेना. मी दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे मामा उभे होते. त्यांना आतलं ऐकू जात नव्हतं, तरी त्यांनी मनगट वर धरलं आणि त्यावर रुमाल टाकला.

मी कानामागे बोट नेलं. पंजा दाबायची मनात तयारी होती. पण बोटांनी त्यांचंच खरं सांगितलं. एकच बोट, तेही हलकं.

काचेपलीकडे मामांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी विश्वजीतच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यांचं सांगणं ते! जाड काचेतूनही मला स्पष्ट ऐकू आलं:

"एकच बोट म्हनती! मंग आपन च्या पिऊन येऊ."

डॉक्टर हसल्या, नर्सताई हसल्या. यंत्र सुरू झालं. पहिला ठोका कपाळाच्या बाजूला पडला, टिचकी मारावी इतका हलका. मग दुसरा. मग थोडा रेंगाळून तिसरा. सारखे नव्हते ते. माझ्या लयीत होते.

आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, किती महिन्यांनी कोण जाणे, एक ओळ आपणहून येऊन बसली. मी ती पकडली नाही. तिला बसू दिलं.

*रुमालाच्या खाली बाई बोट बोललं बोटाशी*
*एकटीचं माझं ओझं आता चौघांच्या पाठीशी*

चौथा कोण, म्हणून विश्वजीतनं नंतर विचारलं. तो, मामा, गौरीताई, हे तर झाले तीनच.

"हौश्या," मी म्हणाले. "आणि घरी चल आता. आमटीत चिंच मी माझ्या बेतानंच घालणार आहे."

"घालून तर बघ," तो म्हणाला.